तुझ्या मरणाचा उपदेश

९ जानेवारी

ताई,

मी तुला मारून टाकलं. हे आधी सांगून मोकळा होतो. मग बाकीचं वाच, नाहीतर पत्र फाडून टाक.

मंगळवारी, उपदेशाच्या तासाला. ताप आला, हॉस्पिटलात नेलं आणि तू गेलीस. सगळं दोन-तीन मिनिटांत आटपलं. फार हाल नाही केले.

आता कसं झालं ते ऐक. पाळक व्हायचं तर सेमिनरीत काय काय शिकावं लागतं, त्यात सगळ्यात वाईट हा तास. एकाने व्यासपीठावर चढायचं आणि उपदेश द्यायचा, बाकीच्यांनी बाकांवर चर्चची मंडळी होऊन बसायचं. सर सगळ्यात मागे. त्यांच्या हातात पितळेची एक छोटी घंटी असते. सरांना कंटाळा आला की ती वाजते, आणि वाजली की उतरायचं. वाक्य अर्धं असो नाहीतर प्रार्थना अर्धी असो. सर म्हणतात, "मंडळी सभ्य असतात. ती घंटी मनात वाजवतात आणि घरी जाऊन काय जेवायचं याचा विचार करत बसतात. मी सभ्य नाही."

मला तीनदा उतरवलं. तिसऱ्या वेळी तर "प्रिय मंडळी" एवढंच झालं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी घंटीत कापूस कोंबला होता, हेही कारण असेल. घंटी वाजेना, तर सरांनी टाळी वाजवली. तास संपल्यावर मला थांबवलं.

"तुला माणसं हसवता येतात," म्हणाले. "ते सलूनवाल्यालाही येतं. पुढच्या वेळी उतरवावं लागलं तर सामान बांध."

ताई, घरी जायचं म्हणजे आबांसमोर. चर्च झाडणाऱ्याचा पोरगा चर्चच्या व्यासपीठावर उभा राहणार, हे त्यांनी अख्ख्या मंडळीला सांगून ठेवलंय. मी पिशवी घेऊन परत गेलो असतो तर त्यांनी मला खुर्च्यांबरोबर घडी घालून कोठीत ठेवलं असतं.

म्हणून मी पैज लावली. माझ्या खोलीत एक दांडगा मुलगा आहे, आम्ही त्याला पहिलवान म्हणतो. त्याला म्हटलं, या वेळी अख्खा वर्ग रडवतो, नाही रडला तर महिनाभर तुझे मोजे धुतो. त्याचे मोजे तू बघितले नाहीस. म्हणजे किती जिवावर बेतलं होतं ते तुला कळणार नाही.

आधी खरं सांगितलं. तू मला वाचायला शिकवलंस, अक्षर चुकलं की डोक्यात कंगवा, टक. वर्ग हसला. हसला तेव्हाच मला कळलं की आता मारायला हरकत नाही. मग तू घर सोडून गेलीस ते सांगितलं. कोणाबरोबर ते नाही सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करणारा आणि वर एक लग्न मोडलेला, असा माणूस उपदेशात बसत नव्हता, भाऊजींना राग नको म्हणावं. मग म्हटलं, आबा रोज संध्याकाळी दाराची कडी काढून ठेवतात, पोरगी येईल म्हणून. (आबा कडी काढत नाहीत हे तुला माहीत आहे. दोनदा ओढून बघतात.) मग ताप.

शेवटी मी सांगणार होतो की हे सगळं खोटं होतं. देवाशप्पथ. "बघा, तुम्ही किती पटकन रडता, तेव्हा व्यासपीठावरच्या माणसापासून सांभाळून राहा," असा तो उपदेश होता. चांगला होता की नाही? पण वर मान केली तर पहिलवान हमसून हमसून रडतोय, सर चष्मा पुसतायत आणि घंटी बाकावर आडवी पडलीय. मी तोंड उघडलं आणि "आमेन" म्हणालो.

तुझाच,
माकड


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं, जीव भांड्यात पडला. "ताप कसला देतोस मेल्या, विमानातून तरी पाडायचंस, तेवढंच बसणं झालं असतं." हे वाचून मी एवढा हसलो की पहिलवान म्हणाला, बहीण जाऊन इतके दिवस झाले, तुला हसताना बघून बरं वाटलं. मग मला हसता येईना.

मी सरांना खरं सांगायला गेलो होतो, खरंच. त्यांच्या खोलीत पुस्तकांवर ओला शर्ट वाळत घातला होता. मी म्हटलं, "सर, त्या उपदेशाबद्दल बोलायचं होतं." ते म्हणाले, "बस." आणि मला बोलूच दिलं नाही.

"माझं चुकलं," म्हणाले. "मला वाटायचं तू वात्रट आहेस. तू दुःख झाकत होतास."

घंटीतला कापूस, चॅपेलच्या घड्याळाचे पुढे सरकवलेले काटे, त्यांच्या खुर्चीला लावलेला गोंद, माझी सगळी जन्माची कमाई त्यांनी दुःखाच्या खात्यात टाकली. मला कोणी एवढं चांगलं कधी समजलंच नव्हतं गं. मी गप्प बसलो. गप्प बसलो तर म्हणाले, "बघ, अजून बोलवत नाही."

आता दर रविवारी मला कुठल्या ना कुठल्या मंडळीत पाठवतात आणि तोच उपदेश मागतात. सर म्हणतात कापाकापी कर, म्हणून करतोय. आधी तू मरताना फार बोलायचीस. आता फक्त विचारतेस, "दार उघडं आहे ना?" आणि डोळे मिटतेस. पूर्वीपेक्षा खूप चांगली मरतेस.

मागच्या रविवारी एका म्हातारीने माझा हात धरला तो सोडेचना. तिचा मुलगा गेलाय. म्हणाली, "बाळा, तुला कळतं." मला काय कळतं? मला एवढंच कळतं की "ताप" या शब्दाच्या आधी थोडं थांबायचं असतं.

रागावली नाहीस ना? रागावलीस तर विनोद करून रागाव.

तुझा वात्रट


१८ मार्च

ताई,

या वेळी तू विनोद केला नाहीस. "हसून झालं, आता बंद कर. छोटीने परवा विचारलं, मामा तुझ्याबद्दल काय सांगतो, तर मला उत्तर देता आलं नाही."

बंद करतो. मागच्या रविवारी शेवटचा दिला. त्याच्या आधीचा शेवटचा म्हणालो होतो, पण एका मंडळीच्या पाळकबाईंनी फोन करून मागितला, नाही कसं म्हणायचं. आता खरंच शेवटचा.

आणि दुसरं. आबांना विचार म्हणालीस. छोटीला घेऊन एकदा येऊ का, आत नाही बोलावलं तरी चालेल, दारात उभी राहीन, आजोबांना लांबून दाखवीन आणि परत जाईन. ते वाचताना मी जिन्यात बसलो होतो. वरून पोरं उतरत होती, त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं पायाला मुंगळा चावला.

मी विचारतो. फोनवर नाही, समोर बसून विचारतो. चार एप्रिलला मी घरी जातोय. आमच्यात शेवटची परीक्षा ती असते, घरचा उपदेश. ज्यांनी लहानपणी आपलं वाहतं नाक बघितलंय, त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं. सर म्हणतात, परक्यांना कोणीही फसवतो. ते स्वतः येऊन मागे बसतात, आणि मग ठरतं की आपल्याला पाळक करायचं की पिशवी द्यायची.

मी नवा उपदेश लिहिलाय. आबांवर. रविवारची मंडळी गेली की आबा बाकांखालून झाडतात आणि बटणं सापडतात, आठवतं? कुठलं बटण कोणाच्या कोटाचं ते आबांना बघून कळतं, आणि पुढच्या रविवारी दारात उभं राहून ज्याचं त्याला देतात. ते लिहिलंय. सगळं खरं आहे. कोणी मरत नाही.

उपासना झाली की घरी जेवायला बसू, तेव्हा तुझा विषय काढतो. आबा मऊ झाले असतील तेव्हा. झालेत गं ते थोडे. मागच्या सुट्टीत तुझी जुनी छत्री दुरुस्त करून आणली होती, कोणाची म्हणून विचारलं तर "पडली होती" म्हणाले.

तुझा भाऊ


६ एप्रिल

ताई,

बसून वाच. कामावर वाचत असशील तर ठेवून दे, घरी जाऊन वाच.

मी बटणांवरच बोलायला लागलो. आबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. आपली सगळी मंडळी होती. शिंपीणकाकू, दूधवाला, शाळेतल्या मास्तरीणबाई, पेटी वाजवणारा तो बहिरा. नवे पाळक पुढे खुर्चीवर. सर मागे खांबापाशी.

पहिलं बटण सांगितलं. दूधवाल्याने मान डोलावली. दुसरं सांगितलं. कोणीतरी खोकलं. ताई, त्यांना बटणं माहीत आहेत. त्यांचीच बटणं आहेत. माझ्या उपदेशात त्यांना नवं असं काहीच नव्हतं, नुसतं खरं होतं. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. लहान मुलं चुळबुळ करायला लागली. फक्त आबा स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते, कोणाचे तरी दुसऱ्याचे हात असावेत तसे.

तेवढ्यात मागे सरांचा हात खिशात गेला.

चर्चमध्ये ते घंटी वाजवत नाहीत. मला माहीत होतं, त्यांनी आम्हाला सांगितलंही होतं. पण तो हात आम्हाला दोन वर्षं पाठ आहे. तो खिशात गेला की घंटी निघते. मला माझी पिशवी दिसली, आबा ती हातात घेऊन घराकडे चाललेत असं दिसलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "माझी एक ताई होती."

होती म्हटलं आणि खोकला थांबला.

तिथेच थांबायला हवं होतं. म्हणता आलं असतं की होती म्हणजे घरात होती, आता दुसरीकडे आहे. पण सगळे बघायला लागले गं. पर्समधला हात बाहेर आला. आणि मग मी नाही बोललो, तो उपदेशच बोलला, त्याला आता माझी गरज राहिली नाहीये. कंगवा झाला, कडी झाली. ताप यायच्या आधी मी थांबलोसुद्धा. बरोबर जेवढं थांबायचं तेवढं.

सरांनी खिशातून रुमाल काढला होता. त्यांना सर्दी झाली होती.

उपासना संपल्यावर कोणी माझ्याकडे आलंच नाही. सगळे आबांकडे गेले. शिंपीणकाकूंनी त्यांचा हात धरला. "बोलला नाहीत कधी. एकट्याने सोसलंत." दूधवाला म्हणाला, "आम्हाला वाटायचं पोरीवर रागावलायत, म्हणून नाव काढत नाही. माफ करा." आबा माझ्याकडे बघत होते. मी लांब उभा होतो, टेबलावरची फुलं सारखी करत.

सर पुढे आले. "तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं," म्हणाले. "पण मुलगा चांगला घडवलात."

एक वाक्य. आबांनी एकच वाक्य बोलायचं होतं. आबा, जे चुकून खोटी चिल्लर दिली गेली म्हणून भाजीवाल्याकडे अर्धा रस्ता परत चालत जातात.

आबा म्हणाले, "देवाची इच्छा."

दुपारभर लोक येत होते. आपल्या त्या एवढ्याशा खोलीत. खुर्च्या कमी पडल्या, तर आबांनी चर्चमधून आणल्या, आणि प्रत्येकाला बसवून स्वतः उभे राहिले. एकीने तुझा फोटो मागितला, आबांनी काढून दिला. लगेच दिला. हाताशीच होता. मी चहाचे कप धुत होतो, एकच कप कितीतरी वेळ.

सगळे गेल्यावर जेवायला बसलो. आबांनी मला वाढलं. स्वतःला घेतलं नाही.

मी म्हटलं, "आबा, ताई जिवंत आहे."

"मला सांगतोस?"

"मग तसं का म्हणालात?"

"तू वर उभा होतास. मी खाली बसलो होतो. तुला सगळ्यांदेखत खोटं पाडू?"

"पाडायचं होतं."

"आणि मग काय करायचं होतं? दोघंही गेली असती माझी."

मी जेवत राहिलो. काय जेवलो ते विचारू नकोस. मग आबा म्हणाले, "तिला मूल आहे का रे?"

"मुलगी आहे. सहा वर्षांची. ताईसारखंच नाक."

आबांनी मला पुन्हा वाढलं. मग म्हणाले, "तू जेवायला बसलास की आज तुला तिचा पत्ता विचारणार होतो. मनात ठरवून बसलो होतो. उपदेश होऊ दे म्हटलं, मग विचारू."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चपलेने मारलं असतं तर मी त्यांना दुसरीसुद्धा काढून दिली असती.

आणि हे सांगू की नको कळत नाही, पण तुला नाही सांगायचं तर कोणाला. आपल्याकडे मंडळीतलं कोणी गेलं की मोठी घंटा वाजवतात ना, एक ठोका, थांबायचं, एक ठोका. सोमवारी बायका आल्या आणि म्हणाल्या, पोरीसाठी घंटा राहिली. घंटा वाजवणं आबांचं काम. दुसरा कोणी माणूसच नाही त्या कामाला. मी म्हटलं, मी वाजवतो, तर म्हणाले, "तुला थांबायचं किती ते कळत नाही."

मी स्टेशनवर होतो तेव्हा ऐकू आली.

मी पास झालोय.


१९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढंच लिहिलंस, "दीक्षेला येतेय. छोटीला घेऊन. पहिल्या बाकावर बसणार." मी पाळक होणार त्या दिवसाची तारीख तुला कोणी कळवली माहीत नाही, मी नव्हती कळवली. मी कळवणार नव्हतो.

येऊ नकोस.

राग काढायचा तर पत्रात काढ, मी येतो तिथे तोंडावर काढ, कंगवा घेऊन ये. पण तिथे येऊ नकोस. सर मला दीक्षा द्यायला उभे राहणार आहेत. आपली सगळी मंडळी बस करून येणार आहे. तुला बघितलं तर त्या दिवशी मी तर संपलोच, पण मी संपलो तर चालेल, मी कुठे तरी कप धुईन. आबांचं काय? ते "देवाची इच्छा" म्हणालेत. सगळ्यांचे हात हातात घेऊन सांत्वन घेतलंय त्यांनी. घंटा वाजवलीय. उद्या तू दारातून आत आलीस तर लोक माझ्याकडे नाही बघणार, त्यांच्याकडे बघतील. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बटणं परत देणारा माणूस. त्यांना त्याच चर्चमध्ये झाडू मारायचाय.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आबांना पुढे करून मागे लपतोयस. हो, लपतोय. दोन्ही खरं आहे.

तू एवढंच मागितलं होतंस की दारात उभी राहीन. ते दार मी बंद केलंय, आबांनी नाही. पण ऐक, आबा येतायत तुझ्याकडे. दीक्षा झाली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीने. पत्ता मी दिलाय. छोटीसाठी काय आणू विचारत होते, मी म्हटलं रंगपेटी, तर दुकानात जाऊन तीन प्रकारच्या बघून परत आले, कुठली घ्यायची ते कळेना. सुट्टी मागताना त्यांनी मंडळीत सांगितलंय की पोरीच्या कबरीवर जाऊन येतो. दुसरं काय सांगणार? शिंपीणकाकू आणि बाकीच्या बायका फुलं देणार आहेत बरोबर. ती घे. हसू आलं तर त्यांच्यासमोर हसू नकोस. पाण्यात ठेव. आबा येतील तेव्हा आत बोलाव, मी सांगतोय म्हणून नाही, ते दारात उभे राहतील म्हणून.

ते दरवर्षी येतील म्हणालेत. आपल्या घरी मात्र तुला कधी येता येणार नाही. ते जिवंत असेपर्यंत नाही, आणि ते गेल्यावर त्यांच्या घंटेलाही नाही. हे मी केलंय. लिहून ठेवतो म्हणजे मला नंतर दुसरं काही लिहिता येणार नाही.

मला आता उपदेश चांगला देता येतो, ताई. सगळे म्हणतात.

भाऊजींना सांग. छोटीला मोठी झाल्यावर सांग, मामा कसा आहे ते तिला कळलं पाहिजे. पण इकडच्या कोणाला नको. आपल्या गावचं कोणी रस्त्यात भेटलं आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिलं, तर म्हण, तुम्ही चुकलात, मी ती नव्हे. तेवढं म्हण. पाया पडतो तुझ्या, नाक घासतो, पण तू आहेस हे कोणाला सांगू नकोस.